खाचेच्या दोन भिंती

समोर दोन स्पीकर, आणि मधे काहीच नाही. तरीही चांगली रेकॉर्ड लावून डोळे मिटले की त्या रिकाम्या जागेत गायिका उभी असते. तिच्या उजव्या खांद्यामागे व्हायोलिन, डावीकडे जरा आत पियानो. यातल्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. कोण नेमकं कुठे आहे ते कळणं म्हणजे इमेजिंग. ही सगळी मंडळी ज्या जागेत बसली आहेत तिची रुंदी आणि खोली जाणवणं म्हणजे साउंडस्टेज. इमेजिंगला डाव्या-उजव्याचा काटेकोर हिशेब लागतो. साउंडस्टेज मात्र मूळ सुराच्या मागे उरणाऱ्या मंद प्रतिध्वनीवर उभा राहतो, आणि तो प्रतिध्वनी सुराच्या तुलनेत इतका क्षीण असतो की रेकॉर्डच्या खाचेतली थोडीशी खरखरही त्याला गिळून टाकते.

टर्नटेबलवर हे दोन्ही कार्ट्रिजच्या, म्हणजे सुईच्या हालचालीचा विद्युत संकेत करणाऱ्या छोट्या भागाच्या, हाती असतं. म्हणून ‘साउंडस्टेज मोठा करणारं कार्ट्रिज कोणतं?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उत्तरात बहुधा एखाद्या मॉडेलचं नाव येतं आणि चर्चा संपते. माझ्या मते प्रश्न मुळातून विचारायला हवा: ती एकच सुई दोन चॅनल वेगळे करते तरी कसे?

ब्रिटिश अभियंता ॲलन ब्लुमलाइन यांनी ईएमआय या ध्वनिमुद्रण कंपनीत काम करत असताना १९३१ साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातच याचं उत्तर होतं. खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी ९० अंशांत, आणि प्रत्येक भिंत तबकडीच्या पृष्ठभागाशी ४५ अंशांत. आतल्या, म्हणजे मध्याकडच्या भिंतीवर डावा चॅनल, बाहेरच्या भिंतीवर उजवा. बाजारात स्टिरिओ एलपी यायला १९५८ उजाडलं, पण भूमिती हीच राहिली. या भूमितीतून एक फार सुंदर गोष्ट निघते. दोन्ही चॅनलमध्ये जे समान आहे, ते सुईच्या आडव्या हालचालीत उतरतं. दोघांत जो फरक आहे, तो उभ्या हालचालीत. मधोमध गाणारा आवाज म्हणजे सुईचं निव्वळ डावं-उजवं डोलणं. बाजूला बसलेला वादक, दालनाची रुंदी, भिंतींवरून परतलेले सूर यांच्यासाठी सुईला वर-खालीही जावं लागतं.

याचा सरळ अर्थ असा की, जी कोणती गोष्ट सुईला विनाकारण वर-खाली हलवते, ती रेकॉर्डवर नसलेला ‘फरक’ निर्माण करते आणि आवाजाचं चित्र बिघडवते. कार्ट्रिज निवडताना आणि बसवताना हे एवढं लक्षात असलं की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप रांगेत लागतात.

आता माहितीपत्रकातला तो प्रसिद्ध आकडा बघू: चॅनल सेपरेशन, म्हणजे एका चॅनलचा आवाज दुसऱ्यात किती कमी गळतो ते. १ किलोहर्ट्झला २० ते ३० डेसिबल, असं बहुतेक कार्ट्रिजसाठी लिहिलेलं असतं, आणि ग्राहक २२ सोडून २८ कडे वळतो. पण दोन स्पीकरच्या आवाजात साधारण १५ ते १८ डेसिबलचा फरक पडला की कानाला तो आवाज पूर्णपणे एका स्पीकरमधूनच येतो आहे असं वाटतं. म्हणजे २२ डेसिबल सेपरेशन खरोखर मिळत असेल, तर रुंदीसाठी तेवढं पुरतं. अडचण वेगळीच असते. एक तर डावीकडून उजवीकडे होणारी गळती आणि उजवीकडून डावीकडे होणारी गळती सारखी नसते. दुसरं म्हणजे १ किलोहर्ट्झला २५ डेसिबल असलेलं सेपरेशन १० किलोहर्ट्झच्या वर १५ पर्यंत घसरू शकतं, आणि तेही दोन्ही बाजूंना सारखं घसरेलच असं नाही. ३० आणि १८ अशी विषम जोडी असलेल्या कार्ट्रिजपेक्षा दोन्हीकडे २३ देणारं कार्ट्रिज मी केव्हाही निवडेन.

चॅनल बॅलन्सचंही, म्हणजे दोन्ही चॅनल सारख्याच जोराने वाजण्याचंही, तसंच. स्वस्त कार्ट्रिजला २ डेसिबलपर्यंत फरक चालवून घेतात, चांगल्याला १ किंवा ०.५. हा फरक सगळ्या पट्टीभर एकसारखा असेल तर ॲम्प्लिफायरचं बॅलन्स बटण तो मिटवतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मध्यम सुरांत दोन्ही बाजू सारख्या आणि वरच्या पट्टीत एक बाजू २ डेसिबलने चढी, असं झालं तर कुठलंच बटण कामाला येत नाही. मग गायिकेचा आवाज मधे राहतो आणि तिचे ‘स’ आणि ‘श’ उजवीकडे सरकतात. झांजेचा आघात एका जागी, तिची झिणझिण दुसऱ्या जागी. धूसर इमेजिंग म्हणतात ते पुष्कळदा हेच असतं: एकच वाद्य दोन-तीन ठिकाणी विखुरलेलं.

नवं कार्ट्रिज घेण्याआधी एक तपासणी कराच. आवाज पूर्ण खाली करून, टर्नटेबलहून फोनो प्रीॲम्पला (कार्ट्रिजचा क्षीण संकेत वाढवणाऱ्या यंत्राला) जाणाऱ्या दोन केबल तिथल्या तिथे आपसांत बदला. आधी डावीकडे झुकलेलं चित्र आता उजवीकडे झुकलं, तर दोष कार्ट्रिजमध्ये, टोनआर्ममध्ये (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्यात) किंवा जुळवणीत. डावीकडेच राहिलं, तर कार्ट्रिज निर्दोष आहे, शोध पुढे घ्या: फोनो प्रीॲम्प, ॲम्प्लिफायर, स्पीकर, खोली. एक स्पीकर कानाला दुसऱ्यापेक्षा १० सेंटिमीटर जवळ असला तरी त्याचा आवाज सुमारे ०.३ मिलिसेकंद आधी पोचतो आणि मधला गायक तिकडे ओढला जातो. फीत घेऊन दोन्ही अंतरं सेंटिमीटरपर्यंत सारखी केल्याशिवाय सुईला दोष देऊ नये.

आता सुईकडे. पैसे कुठे घालावेत याचं माझं उत्तर ठाम आहे: हिऱ्याच्या टोकावर.

मास्टर तबकडी कोरणारी छिन्नी धारदार, त्रिकोणी असते आणि तिचं तोंड कायम एकाच दिशेला असतं, खाचेच्या वळणाबरोबर ते वळत नाही. त्यामुळे खाच जिथे तिरकी जाते तिथे तिची रुंदी कमी होते. गोल टोकाची सुई या निमुळत्या जागी मावत नाही, ती वर उचलली जाते. दर कंपनात दोनदा. म्हणजे खाच केवळ आडवी, पूर्णपणे मधोमध असलेल्या आवाजाची असली, तरी गोल सुई तिच्यातून दुप्पट वारंवारतेची उभी हालचाल तयार करते. आणि उभी हालचाल म्हणजे डाव्या-उजव्यातला फरक, जो मूळ ध्वनिमुद्रणात नव्हताच. मधल्या आवाजाभोवती जे धुकं येतं त्याचं एक मोठं कारण इथे आहे. टोक जितकं कोरणाऱ्या छिन्नीच्या आकाराजवळ, तितकं हे धुकं कमी.

जोडीला तरंगलांबीचा हिशेब आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर बाहेरच्या कडेला खाच सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर वेगाने सुईखालून जाते, शेवटच्या गाण्याशी फक्त २१ सेंटिमीटर. १० किलोहर्ट्झच्या सुराची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब, आत २१ मायक्रॉन. गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. एवढा गोळा २१ मायक्रॉनच्या लाटेच्या तळाशी पोचणार कसा? लंबगोल सुईची खाचेला स्पर्श करणारी त्रिज्या ८ किंवा ५ मायक्रॉन असते, मायक्रोलाइनसारख्या बारीक टोकांची ३ मायक्रॉनच्या आसपास. शिबाता टोक १९७० च्या दशकात चार चॅनलच्या सीडी-४ रेकॉर्डसाठी जपानमध्ये घडवलं गेलं, कारण त्या रेकॉर्डवर ३० किलोहर्ट्झचा वाहक संकेत कोरलेला असे आणि साध्या टोकांना तो वाचता येत नव्हता. ती रेकॉर्ड मागे पडली, टोक मात्र टिकलं, आणि साध्या स्टिरिओला त्याचा फायदा झाला. म्हणून चाचणी घ्यायची तर बाजूच्या पहिल्या गाण्यावर घेऊ नका. पहिल्या गाण्यावर सगळीच कार्ट्रिजेस बरी वाजतात. शेवटच्या गाण्यात मंच आकसतो का, झांज फिसकारते का, ते ऐका.

बारीक टोक भिंतीला उभ्या रेषेत, जास्त उंचीवर स्पर्श करतं, त्यामुळे दाब पसरतो आणि टोक जास्त काळ टिकतं. ऑडिओ-टेक्निका लंबगोल टोकाचं आयुष्य ३०० तास सांगते आणि मायक्रोलाइनचं १०००. हिरा थेट कँटिलिव्हरमध्ये, म्हणजे त्याला धरणाऱ्या बारीक दांडीत, बसवलेला आहे, की धातूच्या खुंटीवर चिकटवलेला, हेही विचारून घ्यावं. आख्खा हिरा हलका असतो, खाचेच्या वेगवान वळणांवर तो मागे पडत नाही.

काही कार्ट्रिजमध्ये मूळ साचा, म्हणजे कार्ट्रिजचा मुख्य भाग, तोच ठेवून फक्त सुई बदलता येते, आणि चित्र सुधारू पाहणाऱ्याला हा सगळ्यात शहाणा रस्ता आहे. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच साच्याला गोल, लंबगोल, मायक्रोलाइन, शिबाता अशी टोकं लागतात. तिथे दोन चुंबक इंग्रजी व्ही अक्षरासारखे, म्हणजे खाचेच्या भिंतींना अनुसरून बसवलेले आहेत. ऑर्टोफॉनच्या २एम मालिकेत रेड आणि ब्लू यांच्या सुया आपसांत बदलता येतात, तशाच ब्रॉन्झ आणि ब्लॅकच्या. लंबगोल सुईवर जुळवणीचा हात बसवा, ती झिजली की त्याच साच्यावर बारीक टोक लावा.

मूव्हिंग मॅग्नेट (सुईबरोबर चुंबक हलतो) की मूव्हिंग कॉइल (वेटोळं हलतं), हा वाद मला साउंडस्टेजच्या बाबतीत दुय्यम वाटतो. मूव्हिंग कॉइलचं वेटोळं हलकं असतं, वरच्या पट्टीत त्याची चाल सरळ राहते आणि दूरचे मंद प्रतिध्वनी त्यामुळे सुटे ऐकू येतात, हे खरं. पण त्याचा संकेत ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट. मूव्हिंग मॅग्नेट देतं ३ ते ६. म्हणजे दहापट जास्त ॲम्प्लिफिकेशन लागतं, आणि फोनो प्रीॲम्प सामान्य असेल तर त्याच्या सुस्काऱ्यात नेमके तेच मंद प्रतिध्वनी बुडतात ज्यांच्यासाठी हा खर्च केला. शांत प्रीॲम्प नसेल तर उत्तम टोकाचं मूव्हिंग मॅग्नेटच घ्यावं.

कार्ट्रिजला लागणारा विद्युत भारही बघायला हवा. मूव्हिंग मॅग्नेटला ४७ किलोओहम, आणि सोबत ठरावीक कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता): व्हीएम९५ला १०० ते २०० पिकोफॅरड, २एमला १५० ते ३००. यात टोनआर्मच्या तारा, केबल आणि प्रीॲम्प या सगळ्यांची बेरीज धरायची. एक मीटर केबलचेच सुमारे १०० होतात. ५०० मिलिहेन्रीच्या वेटोळ्याला एकूण ३०० पिकोफॅरड मिळाले तर साधारण १३ किलोहर्ट्झला उंचवटा येतो, १५० मिळाले तर तो १८ च्या पुढे जातो. खालच्या उंचवट्याने झांजा आणि उष्मवर्ण (‘स’, ‘श’) पुढे उडी मारतात, मागची रांग अंगावर येते आणि खोली संपते. पुष्कळांना हे सुरुवातीला ‘तपशील वाढला’ असं वाटतं. एक बाजू संपेपर्यंत कान थकतो. मूव्हिंग कॉइलसाठी भार कॉइलच्या अंतर्गत रोधाच्या दहापट धरला तर सहसा चुकत नाही.

टोनआर्मशी जुळणी एका छोट्या सूत्रात होते. टोनआर्मचं परिणामी (सुईपाशी जाणवणारं) वस्तुमान, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रू यांची ग्रॅममधली बेरीज करा, तिला कार्ट्रिजच्या कॉम्प्लायन्सने, म्हणजे सुईच्या लवचीकतेच्या आकड्याने, गुणा, वर्गमूळ काढा, आणि १५९ ला त्याने भागा. उत्तर, म्हणजे या जोडीची नैसर्गिक कंपनसंख्या, ८ ते १२ हर्ट्झमध्ये हवं. १० ग्रॅमचा टोनआर्म, ६ ग्रॅमचं कार्ट्रिज, १ ग्रॅमचे स्क्रू, कॉम्प्लायन्स १५: उत्तर जवळजवळ १०. तिथेच कॉम्प्लायन्स ३० असेल तर ७, मग वाकलेल्या तबकडीच्या प्रत्येक उंचवट्यावर टोनआर्म झुलतो, सुईचा दाब कमी-जास्त होतो आणि चित्र पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं हलतं. जपानी कंपन्यांचा आकडा बरेचदा १०० हर्ट्झला मोजलेला असतो, त्याला दीड ते दोनने गुणून मग सूत्रात घालावं. डेनॉनचं डीएल-१०३ हे याचं ठळक उदाहरण. जपानच्या एनएचके नभोवाणीसाठी १९६० च्या दशकात घडलेलं, गोल टोकाचं, १०० हर्ट्झला कॉम्प्लायन्स अवघी ५. जड टोनआर्मवर ते घट्ट पाय रोवून वाजतं, हलक्यावर घातलं तर त्याचा सूर कोरडा पडतो.

निवड इथे संपते. पण दुकानातून घरी आलेलं कार्ट्रिज अजून अर्धंच असतं, आणि चित्राच्या दृष्टीने उरलेल्या अर्ध्यात सगळ्यात मोठा वाटा ॲझिमथचा आहे. समोरून पाहिलं असता सुई खाचेत सरळ उभी आहे की एका बाजूला कलली आहे, हा तो प्रश्न. कललेली सुई दोन्ही भिंतींचा संकेत एकमेकांत मिसळते. केवळ कलण्यामुळे होणारी गळती भूमितीने काढता येते: १ अंशाला उणे ३५ डेसिबल, २ अंशांना उणे २९, ३ ला उणे २६, ५ ला उणे २१. ही कार्ट्रिजच्या स्वतःच्या गळतीत मिळते, एका बाजूला तिला वाढवते, दुसरीकडे कमी करते. विषम जोडी तयार होते ती बहुधा अशी.

पहिली पायरी आरशाची. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा छोटा सपाट आरसा थाळीवर ठेवून सुई हळूच टेकवायची, फिरकी बंद. समोरून कँटिलिव्हर आणि त्याचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसायला हवं. पण साच्याच्या आत वेटोळी किंचित तिरकी बसलेली असू शकतात, ती आरशात दिसत नाहीत. म्हणून दुसरी पायरी मोजणीची. चाचणी-रेकॉर्डवरचा फक्त डाव्या चॅनलचा १ किलोहर्ट्झचा सूर लावा, फोनो प्रीॲम्पच्या दोन्ही बाजूंचा व्होल्टेज घ्या. डावीकडे ५०० मिलिव्होल्ट आणि उजवीकडे २० गळत असतील तर सेपरेशन २८ डेसिबल. मग उजव्या चॅनलचा सूर. तिथे ५०० ला ४० गळत असतील तर २२. आता कार्ट्रिज किंचित कलवत दोन्ही आकडे जवळ आणायचे. साध्या मल्टिमीटरमध्ये घरघरही मोजली जाते, त्यामुळे संगणकावर ध्वनिमुद्रण करून नेमका १ किलोहर्ट्झचा काटा वाचणं जास्त भरवशाचं.

कलवायचं कसं? काही टोनआर्मना यासाठी स्क्रू असतो. नसेल तर कार्ट्रिजच्या दोन स्क्रूंमधलं अंतर १२.७ मिलिमीटर असतं हे उपयोगी पडतं. एका स्क्रूखाली ०.२२ मिलिमीटरची पट्टी घातली की कार्ट्रिज १ अंश कलतं. छपाईच्या साध्या कागदाचे दोन थर म्हणजे जवळपास तेवढेच. दोन्ही स्क्रू थोडे थोडे, आलटून पालटून आवळा, नाहीतर आवळतानाच ते पिळवटतं. २ अंशांपेक्षा जास्त कलवूनही आकडे जुळत नसतील तर कार्ट्रिज परत करावं. बारीक टोक एवढं तिरकं चालवलं की एका भिंतीला ते नीट टेकतच नाही, आणि गळती मिटवताना खाच बिघडते.

बाकीची जुळवणी लवकर सांगून होते. प्रोट्रॅक्टरवर (कोन जुळवायच्या पट्टीवर) शून्यबिंदू, म्हणजे कार्ट्रिज खाचेच्या अचूक स्पर्शरेषेत येतं त्या दोन जागा, साधा; बेअरवाल्ड पद्धतीत ते मध्यापासून ६६.० आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात. सुईचा दाब कंपनीने दिलेल्या पल्ल्याच्या वरच्या अर्ध्यात ठेवा. हलका दाब रेकॉर्डला जपतो ही समजूत चुकीची आहे: हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि भिंती तीच फोडते. टोनआर्मची उंची बदलून सुईचा पुढे-मागे कलण्याचा कोन साधायच्या मागे फार लागू नये. ९ इंची टोनआर्मवर १ अंशाला तब्बल ४ मिलिमीटर उंची लागते, जाड रेकॉर्डने पडणारा फरक त्यापुढे नगण्य आहे. टोनआर्म तबकडीला समांतर ठेवून पुढे जावं.

अँटीस्केटिंग, म्हणजे टोनआर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारा हलका जोर, मात्र दुर्लक्षू नका. फिरती तबकडी सुईला मध्याकडे ओढते, म्हणून आतल्या भिंतीवर, म्हणजे डाव्या चॅनलवर भार वाढतो आणि उजवा सैल पडतो. मोठ्या आवाजात उजवी बाजू आधी फाटत असेल तर अँटीस्केटिंग वाढवा, डावी आधी फाटत असेल तर कमी करा. कोऱ्या, खाच नसलेल्या तबकडीवर सुई स्थिर ठेवून केलेली जुळवणी फसवी असते, कारण तिथे घर्षण वेगळंच असतं.

कार्ट्रिजला लागणाऱ्या चार तारांची चूकही होते. पांढरी डाव्याची धन, निळी डाव्याची ऋण, लाल उजव्याची धन, हिरवी उजव्याची ऋण. एका बाजूच्या दोन उलट लागल्या तर मधला आवाज नाहीसा होतो, खर्ज पातळ होतो आणि सगळं डोक्याभोवती पसरल्यासारखं वाटतं. गंमत अशी की काही श्रोत्यांना हा पसारा आवडतो. तोच मोठा साउंडस्टेज वाटतो! ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण दाबून बघावं: आवाज भरदार होण्याऐवजी पोकळ झाला तर तारा तपासा. थोड्या प्रमाणात हाच भास खोट्या उभ्या हालचालीमुळेही होतो, म्हणून एखादं कार्ट्रिज ‘भिंतीपलीकडे पसरणारा’ मंच देतं असं कुणी म्हटलं की मी आधी विचारेन, त्यात मधला गायक कुठे उभा आहे?

त्याचं उत्तर जुन्या मोनो रेकॉर्डवर मिळतं. ॲम्प्लिफायर स्टिरिओवरच ठेवून ती वाजवा. तिच्या खाचेत डावं-उजवं काहीच नाही, त्यामुळे दोन स्पीकरच्या मधे एका मुठीएवढ्या जागेत सगळा आवाज गोळा व्हायला हवा, खर्जापासून ‘स’-‘श’पर्यंत. रेकॉर्डची खरखर मात्र दोन्ही बाजूंना पसरलेली ऐकू येईल. ती तशीच यायला हवी, कारण धूळ आणि ओरखडे एकेका भिंतीवर वेगवेगळे बसलेले असतात. आवाज मधे आणि खरखर बाजूला, इतकी स्वच्छ फाळणी झाली तर जुळवणी लागली असं समजावं. पहिल्या ३०-४० तासांत कँटिलिव्हरचं रबर सैलावतं, दाब आणि कल दोन्ही किंचित बदलतात. तेव्हा तराजू, आरसा आणि तीच मोनो रेकॉर्ड पुन्हा एकदा बाहेर काढायची.